ओझे पायांना नाही, चाकाला लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस उघडला की त्र्यंबक रोडवर मागे थैल्या लावलेल्या सायकली दिसू लागतात. बहुधा दोघे दोस्त असतात, पहाटे सातपूर ओलांडतात आणि मुक्काम जव्हारला, नाहीतर दुसऱ्या दिशांना वणीला किंवा भंडारदऱ्याला. आपल्या पुरवणीत अशा सहलींची वर्णने येतात आणि ती आवडीने वाचली जातात. त्यांत अंजनेरीचा कडा असतो, धबधबे असतात, पण कॅरियरला कोणता बोल्ट लावायचा हे नसते. सामान लादून दिवसभर सायकल चालवणे ही नुसत्या सायकलिंगपेक्षा वेगळी विद्या आहे. ती सांगणारा मजकूर मराठीत फार थोडा सापडतो, म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण कापायचेच झाले तर बोल्टाचा भाग ठेवून बाकीचे कापावे, ही विनंती.

नाशिकला सायकलस्वारांची वाण नाही. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. १३ तास ३० मिनिटांत २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायची सायकलफेरी) करणारेही शहरात पुष्कळ आहेत. पण अमेरिकेच्या त्या शर्यतीत सामान मागच्या गाडीत असते आणि बीआरएमला सीटखाली एक छोटी पिशवी पुरते. त्यामुळे ज्यांचे पाय तयार आहेत अशांचाच सामानाच्या बाबतीत अंदाज चुकतो. त्यांना वाटते, दहा किलो वाढले म्हणजे दम जास्त लागेल, एवढेच.

हिशेब करून पाहू. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो, वर १० किलो सामान. दिवसाचे अंतर ८० किलोमीटर आणि दिवसभरातला सगळा मिळून चढ १००० मीटर धरू. १० किलो वजन १००० मीटर वर न्यायला सुमारे ९८ किलोज्यूल ऊर्जा लागते. बऱ्यापैकी सराव असलेला माणूस तासन्‌तास १२५ वॉट देऊ शकतो. म्हणजे या जादा वजनाची चढावरची किंमत १३ मिनिटे. सपाटीवर टायरच्या घर्षणात आणखी सातेक मिनिटे जातात. सगळे मिळून वीस मिनिटे, म्हणजे चहाचा एक थांबा. पायांना ओझे एवढेच कळते. ते खरे कळते मागच्या चाकाला, कॅरियरच्या चार बोल्टांना, ब्रेकला आणि हँडलला. तयारी करायची ती यांची.

कॅरियरपासून सुरुवात करू. फ्रेमला आटे असलेली चार भोके हवीत, दोन मागच्या आसाजवळ आणि दोन सीटखाली. बोल्ट एम-५ मापाचे असतात. सगळे वजन खालच्या दोन बोल्टांवर येते आणि रस्त्याच्या थरथरीने सैल होतात तेही तेच. प्रत्येक बोल्टला वॉशर घालावा आणि आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब सोडावा. उजव्या बाजूचा खालचा बोल्ट आतून किती बाहेर येतो ते मुद्दाम पाहावे. दोन-तीन मिलिमीटर जास्त आला तर चेन मागच्या सर्वांत लहान दातऱ्यावर (दातेरी चकतीवर) गेली की त्याला घासते, आणि मग दिवसभर कर्र-कर्र आवाज कुठून येतो ते कळत नाही. डिस्क ब्रेकच्या सायकलला कॅलिपरला (डिस्क दाबणाऱ्या भागाला) बगल देणारे, बाहेर काढलेल्या पायाचे कॅरियर मिळते, तेच घ्यावे. फ्रेमला भोकेच नसतील तर सीटच्या दांड्याला आवळायची कॅरियर असतात. त्यांची क्षमता दहा किलोच्या आतबाहेर असते आणि वळणावर ती डुलतात. मुक्कामाच्या सामानाला ती लावू नयेत. नवे कॅरियर पहिल्या वीसेक किलोमीटरमध्ये बसते, म्हणून अंजनेरी फाट्याला थांबून चारही बोल्ट पुन्हा आवळायचे. सुट्या एम-५ बोल्टांची जोडी आणि चार-सहा केबल टाय सोबत असले की उरलेली काळजी मिटते.

थैल्या कशा भराव्या हे गवळ्याच्या सायकलीकडे पाहून शिकावे. त्याच्या किटल्या दोन बाजूंना, खाली आणि सारख्या भरलेल्या असतात. वर कॅरियरवर तो ओझे रचत नाही, कारण वजन जितके वर तितकी सायकल वळताना आडवी जायला पाहते. आपल्या थैल्यांतही पाणी, हत्यारे, कुलूप अशा जड वस्तू तळाशी आणि पुढच्या अंगाला, म्हणजे आसाच्या जवळ जाव्यात, कपडे वर. डाव्या-उजव्या थैलीत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक नको. गॅस सिलिंडर पोहोचवणाऱ्याकडे असतो तसा लटकता काटा घरात असेल तर हे दोन मिनिटांत होते. पायडल मारताना टाच थैलीला लागते का तेही घरीच पाहावे आणि लागत असेल तर थैली मागे सरकवावी. मागे सरकवली की पुढचे चाक हलके होते आणि उतारावर हँडल थरथरते. त्यावर उपाय म्हणजे दोन-तीन किलो वजन हँडलच्या पिशवीत टाकणे. तरी थरथरलेच तर हँडल घट्ट धरू नये. गुडघे फ्रेमच्या आडव्या नळीला टेकवावे आणि हलक्या हाताने वेग कमी करावा.

टोकांना आकडे असलेल्या ताणाच्या रबरी दोऱ्या आम्ही सायकलला लावू देत नाही. एक आकडा सुटला की तो स्पोकमध्ये जातो आणि चाक जागच्या जागी अडकते. बकल असलेले पट्टे वापरावे आणि त्यांची लोंबती टोके गाठ मारून आत खोचावी. जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्याही उत्तम, आपल्याकडे त्या पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत.

आता मागचे चाक. गिअरच्या सायकलीत मागच्या चाकाचे उजवे स्पोक डाव्यांपेक्षा जास्त ताणलेले असतात, कारण उजवीकडे दातऱ्यांना जागा द्यायला हब (चाकाचा मधला तुंबा) एका बाजूला सरकलेले असते. उलट डावे स्पोक कमी ताणामुळे ओझ्याखाली सैल-घट्ट होत राहतात. स्पोक तुटतो तो बहुधा हबजवळच्या वाकणात. ३६ स्पोकचे चाक सामानाला उत्तम, ३२ चालते, २८ किंवा त्याहून कमी असेल तर सामान सहा-सात किलोंवर नेऊ नये. निघण्याच्या आठवडाभर आधी चाकाचा आउट (फिरताना रिमचे डावी-उजवीकडे डुलणे) काढून घ्यावा आणि मिस्त्रीला सांगावे की सामान लादायचे आहे, ताण सगळीकडे सारखा कर. मग त्याच सामानासह गंगापूर धरणापर्यंत एक फेरी मारून यावी. आउट परत आला तर तो मुक्कामी येण्याऐवजी नाशिकलाच आला, हे बरे.

वाटेत स्पोक तुटलाच तर आधी त्याचे तुकडे शेजारच्या स्पोकला चिकटपट्टीने बांधावे, म्हणजे ते फिरताना कुठे अडकणार नाहीत. तुटलेल्या स्पोकच्या लगतचे, विरुद्ध बाजूच्या हबमधून येणारे दोन स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल केले की रिम मध्यावर येते. रिम ब्रेकला घासेनाशी झाली की पुढे जाता येते. मात्र त्या चाकावरचे सामान सोबत्याच्या सायकलवर जायला हवे. उजव्या बाजूचा स्पोक बदलायला दातऱ्यांचा संच काढावा लागतो आणि त्याचे हत्यार रस्त्याकडेच्या दुकानात सहसा नसते. म्हणून ही तात्पुरती दुरुस्ती दोघांनाही यायला हवी.

सामान लावलेली सायकल उजव्या अंगावर पडू देऊ नये. थैलीच्या वजनाने डिरेलरचा, म्हणजे चेन एका दातऱ्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा, हँगर (त्याला फ्रेमवर धरणारी पट्टी) आत वाकतो. डोळ्याला तो वाकलेला दिसत नाही, पण चढावर सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेलर स्पोकमध्ये शिरतो आणि डिरेलर, हँगर, दोन-चार स्पोक असे एकदमच जातात. स्टँडवर विसंबू नये. सायकल भिंतीला किंवा किलोमीटरच्या दगडाला टेकवावी, आणि आडवी ठेवायचीच असेल तर डाव्या अंगावर. पडलीच तर उठवल्यावर चाक हवेत धरून हलका गिअर हाताने टाकून पाहावा, चालवत नव्हे. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, दुसऱ्याचा चालत नाही. आपापला सुटा हँगर आपापल्या पिशवीत.

गिअरबद्दल थोडे खुलासेवार. पुढे २८ दात आणि मागे ३२ अशी जोडी असेल तर ३५ मिलिमीटरच्या टायरवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १.९ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे म्हणजे ताशी ७ किलोमीटर. एकूण वजन १०० किलो आणि चढ सहा टक्क्यांचा असेल तर त्याला १२५ वॉट लागतात, म्हणजे वर धरलेल्या सरावात बसतात. बऱ्याच रोड बाइकवर सर्वांत हलकी जोडी पुढे ३४ आणि मागे २८ अशी असते. तिथे एका फेऱ्यात अडीच मीटरच्या वर जावे लागते आणि त्याच ६० फेऱ्यांना १७० वॉट लागतात. तेवढे देता येत नाहीत म्हणून फेरे ४५ वर येतात आणि सगळा जोर गुडघ्यांवर जातो. दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीमागे दुखते ते यामुळे. तेव्हा रोड बाइकवर सामान न्यायचेच असेल तर आधी मागचा संच ३२ किंवा ३४ दातांचा बसतो का ते दुकानात विचारावे. गिअर चढाच्या आधी बदलावा. ओझे असताना चढावर ताणलेल्या चेनवर गिअर बदलला की चेन तुटते, आणि तुटली नाही तरी तिची कडी वाकते.

दोघांच्या सहलीतली सर्वांत मोठी सोय म्हणजे एक वस्तू दोनदा न्यावी लागत नाही, आणि हीच सोय बहुतेक जण वाया घालवतात. दोघे आपापल्या घरी आपापली बॅग भरतात, मग पंप दोन, चेन-तोड दोन, कुलपे दोन, औषधांच्या पिशव्या दोन. आदल्या दिवशी एका घरी बसून सगळे जमिनीवर मांडावे. लॉजवर एका रात्रीच्या मुक्कामाला माणशी कपडे आणि जर्किन दोन किलोंत बसते, पाणी पावणेतीन किलो, खाणे एक किलो, हत्यारे-ट्यूब मिळून सव्वा-दीड किलो आणि बारीकसारीक किलोभर. आठ-साडेआठ किलोंच्या वर गेले तर काहीतरी जादा घेतले आहे. तंबू न्यायचाच असेल तर कापड एकाकडे आणि काठ्या-खुंट्या दुसऱ्याकडे.

दोन्ही सायकलींच्या टायरचे माप एकच असेल तर दोघांत तीन ट्यूब पुरतात, २६ इंची आणि ७०० अशी जोडी असेल तर चार घ्याव्या लागतात. चेनच्या झटपट कड्या ८, ९ आणि १० गिअरच्या वेगवेगळ्या असतात, त्या मात्र ज्याच्या त्याच्या. पुढे लिहितो आहोत ते कृपया ठळक छापावे: पंप, ट्यूब आणि हत्यारांची पिशवी नेहमी मागे राहणाऱ्याकडे असावी. पुढे गेलेल्याला मागच्याचे पंक्चर झाल्याचे कळत नाही, आणि घाटात मोबाइलची रेंज असेलच असे नाही. पुढचा थांबला तर मागचा त्याच्यापर्यंत येऊन पोहोचतोच. औषधांचेही तसेच. पाणी आणि खाणे मात्र दोघांकडे स्वतंत्र.

सामानाचे वाटप समसमान करायचा हट्ट नको. दोघांतला जो चढावर मागे पडतो त्याच्या सायकलवरून दीड-दोन किलो काढून दुसऱ्याकडे दिले तर दोघांचा वेग जुळतो आणि थांबून वाट पाहणे कमी होते. यात कुणी कमीपणा मानू नये. वाट पाहणाऱ्याचे अंग थंड पडते आणि मागून येणारा विश्रांती न घेताच पुन्हा निघतो, त्यात दोघांचेही नुकसान असते.

नाशिक-जव्हार हा पहिल्या अशा सहलीला आमच्या मते सर्वांत चांगला मार्ग आहे. अंतर सुमारे ८० किलोमीटर. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, त्र्यंबकेश्वर सातशेच्या वर आणि जव्हार सुमारे ४५० वर. त्र्यंबकपर्यंतचे तीसेक किलोमीटर हळूहळू चढतात, चढ जाणवत नाही पण वेग कमी होतो. पुढे तोरंगण घाट उतरून मोखाडा आणि मग चढउतारांचा रस्ता. जाताना उतार जास्त असल्याने पहिला दिवस सोपा वाटतो. खरा दिवस परतीचा, त्याच घाटाच्या चढाचा. मुक्कामाचे ठिकाण घराच्या खाली असले की घरचा रस्ता चढाचा असतो, हे नकाशावर आधी पाहून घ्यावे. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना समोरून आणि येताना पाठीवर. तेव्हा ओझ्यासकट जाणे दुप्पट वाटते.

इतर मार्गांचे थोडक्यात: वणीच्या बाजूला नांदुरीपर्यंत ठीक, पण सप्तशृंगी गडाचा घाट सामानासकट चढू नये. सामान नांदुरीत ठेवून वर जावे. पेठ रस्त्यावर सावळघाट आणि कोटंबी घाट आहेत आणि गुजरातकडची जड वाहने असतात, तो दुसऱ्या-तिसऱ्या सहलीला. मुंबईकडे कसारा घाट ओझे घेऊन उतरू नये, असे आम्ही स्पष्टच म्हणतो. ट्रक-कंटेनरांच्या रांगेत लादलेल्या सायकलला बाजूला सरकायला जागा उरत नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि सायकलींना मनाई आहे, इगतपुरीकडून तो जवळचा वाटला तरी.

वेळेचा हिशेब असा. सामानासह चालता वेग ताशी १५ धरावा, ८० किलोमीटरला साडेपाच तास. तासाला दहा-पंधरा मिनिटांचे थांबे आणि जेवणाचा एक तास मिळवला की साडेसात-आठ तास होतात. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. सहाला निघालात तर दोन वाजता मुक्काम, आणि काही बिघडले तरी तीन-चार तास हाताशी. नऊला निघालात तर एखाद्या बिघाडानेही वाटेतच अंधार पडू शकतो. दोघांनी निघण्यापूर्वी परतीची वेळ ठरवावी: साडेबारापर्यंत मोखाडा आले नाही तर पुढे सायकलने जायचे नाही. मोखाड्याहून छोटा हत्ती किंवा पिकअप ठरवता येते. ही वेळ वाटेत ठरवू नये. थकलेली माणसे नेहमी अजून थोडे जाऊ असेच म्हणतात.

पहाटे निघायचे तर दिवे हवेतच. मागचा लाल दिवा सीटच्या दांड्याला लावलेला असतो, तो थैल्या आणि वरचे सामान लागल्यावर झाकला जातो. तो कॅरियरच्या मागच्या पट्टीला हलवावा आणि दहा पावले मागे जाऊन दिसतो का ते पाहावे. ही चूक आपल्या रस्त्यांवर फार दिसते. थैल्यांच्या मागे चमकत्या पट्टीचा तुकडा चिकटवावा, खर्च नगण्य आहे.

घाट उतरताना १०० किलोचे वजन थांबवायचे असते. ब्रेक सतत हलका दाबून ठेवणे सर्वांत वाईट. रिम किंवा डिस्क तापत जाते, रिम फार तापली तर ट्यूबवरचा जुना पॅच सुटतो आणि पुढच्या चाकाचा तो सुटला तर सावरणे कठीण. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवावा, वळणात सोडावे. सलग उतार असेल तर मध्ये थांबून हात आणि रिम दोन्ही निवू द्यावे. रिमला हात लावून पाहू नये, चटका बसतो. डिस्कचे पॅड एक मिलिमीटरच्या आसपास आले असतील तर निघण्याआधीच बदलावे. दोघांत सपाटीवर दोन-तीन सायकलींचे अंतर, उतारावर वीस-तीस मीटर. लादलेली सायकल मोकळ्या सायकलसारखी थांबत नाही, पुढच्याने खड्डा पाहून ब्रेक दाबला की मागचा त्याच्यावर जातो. पुढच्याने नुसता हात न दाखवता “खड्डा” असे ओरडून सांगावे, मागच्याने “मागून गाडी”. महामार्गावर एकामागे एक, शेजारी-शेजारी गप्पा मारत नाही. चढावर मात्र एकत्र राहायचा आग्रह धरू नये. प्रत्येकाने आपल्या चालीने चढावे आणि ठरलेल्या किलोमीटरच्या दगडाशी भेटावे.

हवा आणि पंक्चर. ३५ मिलिमीटरच्या टायरला मागे ६० आणि पुढे ४५ ते ५० पीएसआय, अर्थात टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. कमी हवेत खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चेंगरते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. पॅच लावायच्या आधी दुसरे भोक शोधायचे ते यासाठी. आपल्याकडचे इतर पंक्चर मुख्यत्वे दोन कारणांनी: बाभळीचे काटे आणि फुटलेल्या ट्रक-टायरमधल्या बारीक तारा. त्या तारा रस्त्याच्या कडेलाच साचतात, जिथे सायकल चालते. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा किंवा जुना मोजा फिरवावा, तार असेल तिथे तो अडकतो. बोट फिरवू नये. सोल्युशन लावल्यावर ते ओले असतानाच पॅच दाबणे ही घाईची चूक. तीन-चार मिनिटे सुकू द्यावे, बोटाला चिकटेनासे झाले की मग पॅच. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर जवळ ठेवावा, म्हणजे कुठल्याही मोटरसायकलच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. नाहीतर हवा असूनही भरता येत नाही.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, ऑक्टोबरच्या उन्हात त्याहून जास्त. नुसते पाणी पीत राहिल्याने मीठ कमी पडते, म्हणून एका लिटरला ओआरएसची एक पुडी, पुडीवर लिहिले आहे त्याच प्रमाणात. भूक लागायच्या आधी खावे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके, म्हणजे पिष्ट आणि साखर, पुरतात. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम मिळतात, बाकी राजगिऱ्याचे लाडू, खजूर, गूळ-शेंगदाणे. जेवणाला दशम्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात आणि पोटाला जड होत नाहीत. प्रवासासाठी त्या आपल्या घरांत केल्या जात होत्याच, सायकलवाल्यांनी त्या परत आणाव्यात. तर्रीची मिसळ निघताना नको. तेल पचायला वेळ लागतो आणि चढावर ते जाणवते.

शेवटी रस्त्याबद्दल, कारण हे आपल्या हातात नाही आणि म्हणूनच वर्तमानपत्राला लिहायचे. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबक परिसरातल्या रस्त्यांची कामे काढली आहेत. ती करतानाच दोन गोष्टी झाल्या तर सायकलस्वारच नव्हे, डोक्यावर गाठोडे घेऊन त्र्यंबकला चालत जाणारे वारकरीही सुटतील. पहिली, कडेपासून कडेपर्यंत मारलेले रम्बल पट्टे. डाव्या कडेला हातभर जागा मोकळी सोडली तरी पुरते. वाहनांचा वेग त्याने वाढत नाही आणि सायकलचे बोल्ट व मनगटे वाचतात. दुसरी आणि जास्त गंभीर, साइडपट्ट्या. डांबराचा नवा थर चढतो आणि बाजूची मुरुमाची पट्टी तशीच राहते, चार-सहा इंच खाली. मागून ट्रकने हॉर्न दिला की सायकलवाला खाली उतरतो. परत वर चढताना चाक डांबराच्या कडेला तिरके घासते, वर चढत नाही, आणि सामानाच्या वजनाने सायकल आडवी होते ती रस्त्याच्या बाजूला, मागच्या वाहनासमोर. मोकळी सायकल अशा वेळी उडी मारून वर घेता येते, लादलेली येत नाही. डांबरीकरणाच्या कामातच साइडपट्टी मुरुमाने भरून दाबण्याचे काम धरावे आणि ते झाल्याखेरीज काम पूर्ण मानू नये, एवढेच सार्वजनिक बांधकाम खात्याकडे मागणे आहे.

तोपर्यंत, साइडपट्टीवर उतरावे लागले तर तिथून चालवत वर यायचा प्रयत्न करू नये. ब्रेक दाबून थांबावे, उतरावे, मागे पाहावे, आणि आधी पुढचे चाक, मग कॅरियरला धरून मागचे, असे सायकल उचलून डांबरावर ठेवावी.

आपले,
सामान लादून फिरणारे दोन सायकलस्वार,
गंगापूर रोड, नाशिक